घरची अडचण आणि सक्तीची भरती: अमेरिकेतल्या लोकल बोर्डांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे एक कोटी माणसं सक्तीने लष्करात घेतली. कोणाला न्यायचं आणि कोणाला घरी राहू द्यायचं, हे बहुतेक वेळा वॉशिंग्टनमध्ये ठरत नसे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या तीन-चार बिनपगारी माणसांचं मंडळ, म्हणजे लोकल बोर्ड, ते ठरवायचं. इतिहासाचे विद्यार्थी, अनुवादक आणि अमेरिकेत स्थायिक झालेले पालक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे काळ १९४० ते १९४५ चा समजावा.

१. ड्राफ्ट, म्हणजे सक्तीची भरती, लागला म्हणजे सगळ्याच पुरुषांना लष्करात जावं लागायचं का?

नाही. नोंदणी सगळ्यांना होती, बोलावणं काहींनाच. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १६ सप्टेंबर १९४० ला कायद्यावर सही केली आणि १६ ऑक्टोबरला २१ ते ३५ वयाच्या १ कोटी ६० लाखांहून जास्त पुरुषांनी एकाच दिवशी नावं नोंदवली. २९ ऑक्टोबरला काचेच्या भांड्यातून चिठ्ठ्या निघाल्या. युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी डोळ्यांवर पट्टी बांधून काढलेली पहिली चिठ्ठी होती १५८ ची. ज्या ज्या बोर्डात १५८ क्रमांकाचा माणूस होता, तिथे तो रांगेत पहिला आला. पण चिठ्ठीने फक्त क्रम लागायचा. जायचं की नाही, हे वर्गवारीवर अवलंबून होतं (प्रश्न ३).

पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर (७ डिसेंबर १९४१) सेवेची वयोमर्यादा २० ते ४४ झाली आणि नोंदणीची १८ ते ६४. नोव्हेंबर १९४२ मध्ये सेवेची खालची मर्यादा १८ वर आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरापासून ३८ पूर्ण झालेल्यांना बोलावणं बंद झालं. कुठल्याही प्रकरणाची तारीख आधी पाहावी ती यासाठी, कारण सहा महिन्यांत नियम पार बदललेले असत.

२. लोकल बोर्डात कोण बसायचं? लष्करी अधिकारी?

लष्करातलं कोणी नाही. त्याच भागात राहणारे तीन किंवा जास्त नागरिक, राज्याच्या गव्हर्नरची शिफारस आणि राष्ट्राध्यक्षांची नेमणूक, मानधन शून्य. देशभर अशी जवळपास साडेसहा हजार बोर्डं होती. सोबत एक डॉक्टर, एक पगारी कारकून आणि एक सरकारी अपील एजंट असे. सदस्य व्यापारी, वकील, निवृत्त शिक्षक, पहिल्या महायुद्धातले जुने सैनिक अशांपैकी असत. नोंद झालेला तरुण सदस्याचा सख्खा नातेवाईक किंवा चुलत-मावस भाऊ असेल, तर त्या सदस्याने त्या प्रकरणातून बाजूला व्हायचं असा नियम होता.

शेजाऱ्यांच्या हातात हा अधिकार देण्यामागे यादवी युद्धाचा अनुभव होता. १८६३ च्या कायद्यात केंद्र सरकारची माणसं घरोघरी फिरून नावं घेत. ३०० डॉलर भरले किंवा बदली माणूस दिला की सुटका होई. जुलै १८६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यावरून भीषण दंगली झाल्या. १९१७ च्या कायद्याने पैसे भरण्याची आणि बदली माणसाची सोय काढून टाकली आणि निर्णय ४,६४८ स्थानिक बोर्डांकडे दिला. १९४० मध्ये तोच साचा पुन्हा वापरला. ओळखीच्या माणसाने घेतलेला निर्णय लोक जास्त निमूटपणे मानतात, हा त्यामागचा हिशेब. १९४१ ते १९७० या व्यवस्थेचे प्रमुख असलेले जनरल लुईस हर्शी हेच सांगत राहिले. त्याची दुसरी बाजू प्रश्न १५ मध्ये आहे.

३. १-ए, ३-ए, ४-एफ ही भानगड काय आहे? सूट आणि तहकुबी एकच का?

एक नव्हेत. सूट म्हणजे सेवेतून कायमची मोकळीक. ती फार थोड्यांना होती, उदाहरणार्थ धर्मोपदेशकांना (४-डी). घरची अडचण सांगून मिळायची ती तहकुबी, म्हणजे बोलावणं तात्पुरतं पुढे ढकलणं. परिस्थिती बदलली किंवा सरकारची गरज वाढली की बोर्ड ती कधीही काढून घेऊ शके. जुन्या पत्रांत ‘सुटलो’ असं लिहिलेलं दिसलं, तरी बहुतेक वेळा अर्थ ‘सध्यापुरता सुटलो’ इतकाच असतो.

मुख्य वर्ग असे. १-ए म्हणजे न्यायला मोकळा. २-ए आणि २-बी नोकरीच्या कारणाने, एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने आणि मग पुन्हा तपासणी. २-सी शेती. ३-ए म्हणजे ज्याच्या कमाईवर घरची माणसं अवलंबून आहेत असा. ३-डी हा १९४३ मध्ये आलेला वर्ग, तो गेल्यास घरच्यांची अतोनात ओढाताण होईल अशांसाठी. ४-सी परकीय, ४-ई विवेकाच्या कारणाने युद्धाला नकार देणारे, ४-एफ तब्येतीमुळे अपात्र.

४. नोंदणीपासून बोलावण्यापर्यंत काय काय घडायचं?

आधी नोंदणीचं कार्ड. मग क्रम जवळ आला की आठ पानी प्रश्नावली, म्हणजे फॉर्म ४०. तीत नोकरी, पगार, शिक्षण, तब्येत आणि अवलंबून असलेल्या माणसांची नावं, वयं, नातं आणि त्यांना दिलेले पैसे लिहायचे. बोर्ड ती वाचून वर्ग ठरवायचं आणि फॉर्म ५७ हे कार्ड पोस्टाने पाठवायचं. समक्ष भेट किंवा अपील मागायला दहा दिवस. वर्ग १-ए कायम राहिला तर ठरलेल्या तारखेला हजर होण्याचा हुकूम, फॉर्म १५०.

इथली नेहमीची चूक म्हणजे दहा दिवस कार्ड हाती पडल्यापासून मोजणं. ते कार्ड टपालात टाकल्याच्या तारखेपासून मोजले जात. दुसरी चूक पत्ता बदलल्याचं न कळवणं. कार्ड जुन्या पत्त्यावर पडून राहिलं तरी मुदत चालूच असे.

५. घरची अडचण कायद्याने नेमकी कशाला म्हटलं होतं?

व्याख्या नव्हती. १९४० च्या कायद्याचा रोख एवढाच होता की आश्रित माणसांमुळे ज्याला तहकुबी देणं इष्ट ठरेल, त्याला ती देता येईल. ‘इष्ट’ ठरवणार बोर्ड. शिवाय तहकुबी व्यक्तीची परिस्थिती पाहूनच द्यायची, एखाद्या गटाला किंवा कारखान्याला सरसकट नाही, असंही कायद्यात होतं. त्यामुळे एकाच परिस्थितीतल्या दोघांना दोन तालुक्यांत दोन वेगळी उत्तरं मिळत आणि दोन्ही कायदेशीर असत.

व्यवहारात बोर्डाचे सदस्य पुढच्या गोष्टी तपासत. अवलंबून असलेला माणूस मान्य नात्यांपैकी आहे का: पत्नी, मूल, आईवडील, आजीआजोबा, भाऊबहीण. अजून न जन्मलेलं मूलही धरलं जाई, मात्र डॉक्टरचा दाखला लागे. तरुण खरोखर किती पैसे देतो, आणि ते घरखर्चातला त्याचा स्वतःचा वाटा वजा करून किती उरतात? महिना ६० डॉलर आईच्या हाती ठेवणारा पण तिच्याच घरी जेवणारा-राहणारा मुलगा आईला ६० डॉलर ‘देतो’ असं बोर्ड मानत नसे. तो गेला तर दुसरं कोण भार उचलू शकेल? लष्कराचा भत्ता सुरू झाल्यावर किती तूट राहील (प्रश्न ७)? आणि शेवटचा प्रश्न: घराला त्याचे पैसे लागतात की तो स्वतः लागतो?

निकाल बहुधा या शेवटच्या प्रश्नावर फिरायचा. अंथरुणाला खिळलेल्या बापाला उचलून फिरवणारा घरात दुसरा कोणी नसेल, तर ती उणीव मनीऑर्डरने भरत नाही. अशा वेळी ३-डी चा दावा टिकायचा. ताटातूट, आईचा धसका, बायकोचं एकटेपण यांना मात्र अडचण म्हणून किंमत नव्हती. हे सगळ्याच घरांत होणार, असं उत्तर ठरलेलं असे. निष्ठुर वाटतं, पण त्याशिवाय बोर्डाला रेघ कुठे ओढावी हे कळलंच नसतं.

६. पुरावा म्हणून काय द्यावं लागायचं? नुसतं तोंडी सांगून चालायचं का?

तोंडी सांगणं जवळजवळ वाया जायचं. फाइलमध्ये जे नाही, ते अपील मंडळासमोर अस्तित्वातच नसे (प्रश्न १४). लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला, डॉक्टरचं सहीचं पत्र, मालकाकडून पगाराचा दाखला, घरभाडं किंवा कर्जहप्त्याच्या पावत्या, पाठवलेल्या पैशांच्या मनीऑर्डरी किंवा चेक, आणि आश्रित व्यक्तीचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र, असा संच लागे.

प्रतिज्ञापत्र फक्त घरच्यांचंच असेल तर वजन कमी. शेजारी, दुकानदार किंवा चर्चचा पाद्री यांचं जोडलं तर बरं. डॉक्टरच्या पत्रात ‘तब्येत नाजूक आहे’ एवढंच असेल, तर बोर्ड ते बाजूला ठेवी. काय आजार, किती दिवसांपासून, काम करता येतं का, कोणती शुश्रूषा रोज लागते आणि ती कोण करतो, हे लिहिलेलं हवं. घरच्या दुकानात किंवा शेतावर बिनपगारी राबणाऱ्यांचं प्रकरण सर्वांत कच्चं राही, कारण पगाराचा कागदच नसे. त्यांच्यासाठी दुकानाची हिशेबवही आणि ‘हा गेला तर गडी ठेवायला इतका खर्च’ हा आकडा उपयोगी पडे.

खोटं लिहिणं महागात जाई. कमाल शिक्षा पाच वर्षं तुरुंगवास आणि १०,००० डॉलर दंड.

७. सैनिकाच्या घरच्यांना सरकार पैसे देत होतं ना? मग अडचण कसली?

हाच बोर्डाचाही युक्तिवाद होता. जून १९४२ च्या कायद्याने सैनिकाच्या पत्नीला महिना ५० डॉलर मिळू लागले. त्यातले २२ सैनिकाच्या पगारातून कापलेले, २८ सरकारचे. एक मूल असेल तर ६२, पुढच्या प्रत्येक मुलाला १०. ऑक्टोबर १९४३ मध्ये एका मुलासह ८० आणि पुढच्या प्रत्येकाला २० झाले. साध्या शिपायाचा पगार १९४० मध्ये सुरुवातीला २१ डॉलर होता, तो १९४२ च्या मध्यापासून ५० झाला. म्हणजे कपातीनंतर त्याच्या हातात २८ उरत आणि त्यातून विम्याचा हप्ताही जाई.

आता हिशेब मांडा. कारखान्यात आठवड्याला ४० डॉलर कमावणारा माणूस महिन्याला साधारण १७३ डॉलर घरी आणतो. पत्नी आणि दोन मुलं असतील तर १९४२ च्या दराने घराला ७२ डॉलर मिळणार, १९४३ च्या शेवटच्या दराने १००. खाणारं एक तोंड कमी झालं, पण भाडं तेच. ही तूट पत्नीने नोकरी करून, माहेरी राहायला जाऊन किंवा खोली भाड्याने देऊन भरावी, अशी अपेक्षा असे.

कायद्यातला ‘अडचण’ हा शब्द फारसा बदलला नाही. भत्ता बदलला आणि त्याबरोबर अडचणीची पातळी आपोआप वर सरकली. १९४१ मध्ये ३-ए मिळालेला माणूस १९४३ मध्ये १-ए कसा झाला, याचं निम्मं उत्तर या दरपत्रकात आहे. उरलेलं निम्मं प्रश्न ९ मध्ये.

पत्नी आणि मुलांसाठी कपात सक्तीची होती. आईवडिलांसाठी मात्र सैनिकाने स्वतः मागणी करावी लागे आणि ते अवलंबून असल्याचा पुरावा द्यावा लागे. विधवा आईच्या एकट्या मुलांची प्रकरणं यामुळेच जास्त किचकट.

८. लग्न केलं की सुटका, हे खरं का?

१९४० मध्ये बरंचसं खरं होतं, म्हणून त्या वर्षी लग्नांची गर्दी उडाली. मग तारखेची अट आली. लग्न ८ डिसेंबर १९४१ च्या आधीचं हवं, आणि बोलावणं तोंडावर आलेलं नसताना झालेलं हवं. नंतर नुसती पत्नी, मूल नाही, हे कारणच बोर्डांनी बाजूला ठेवलं.

पत्नी स्वतः नोकरी करत असेल तर बहुतेक बोर्डं तिला आश्रित मानत नसत. काही बोर्डं तर ‘नोकरी करू शकेल का’ एवढंच पाहत. नवरा-बायको एकत्र नांदत आहेत का, हेही पाहिलं जाई. वेगळं राहून पैसे पाठवणाऱ्या बापाची बाजू लंगडी पडायची.

९. मुलं असलेल्या बापांना केव्हापासून नेलं?

१ ऑक्टोबर १९४३ पासून. तोवर ‘पर्ल हार्बरपूर्वीचे बाप’ हा वेगळा गट सांभाळला गेला. मूल ८ डिसेंबर १९४१ च्या आधी गर्भात आलेलं असावं, ही अट. ते सिद्ध करणं अवघड, म्हणून व्यवहारात १५ सप्टेंबर १९४२ च्या आधी जन्म झालेला असावा अशी रेघ मारली. १४ तारखेला जन्मलेल्या मुलाचा बाप या गटात, १५ ला जन्मलेल्याचा बाहेर.

१९४३ च्या सुरुवातीला युद्ध मनुष्यबळ आयोगाने बारमध्ये दारू ओतण्यासारख्या कामांची यादी काढली आणि एप्रिलपासून अशा नोकरीतल्या बापांना मुलांमुळे तहकुबी नाही, असं जाहीर केलं. काम बदला नाहीतर लष्करात चला, असा तो हुकूम. त्यावर काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, रणकंदन झालं. सिनेटर बर्टन व्हीलर यांना बापांना न्यायचंच नव्हतं. शेवटी ५ डिसेंबर १९४३ च्या कायद्याने तडजोड केली: बापांना नेता येईल, पण इतर उपलब्ध माणसं संपल्यावर, सर्वांत शेवटी. यादीचा हुकूमही त्याच महिन्यात मागे घेतला.

कागदावर ‘शेवटी’, पण अमुक संख्येने माणसं पाठवा हा कोटा बोर्डावर असायचा. ज्या गावात बिनलग्नाचे तरुण कमी किंवा २-बी, २-सी मध्ये अडकलेले, तिथे बापांची पाळी लवकर आली. शेजारच्या गावात त्याच वयाचे बाप घरी होते. त्या काळच्या तक्रारींत सर्वाधिक राग याच गोष्टीचा दिसतो.

१०. दोन भाऊ आणि एक विधवा आई. दोघांनाही बोलावलं तर?

दोघेही ‘आई माझ्यावर अवलंबून’ म्हणत, आणि बोर्ड दोघांनाही ‘दुसरा आहे ना’ म्हणे. ज्याची फाइल आधी पुढे येई तो बहुधा जायचा, कारण त्या क्षणी दुसरा घरी असे. मग दुसऱ्याचा दावा आपोआप बळकट व्हायचा. त्याने मात्र पहिला भाऊ गेल्याचं लेखी कळवायला हवं, नाहीतर फाइलमध्ये तो घरीच राहिलेला असे. भाऊ वेगळ्या गावी राहत असतील तर बोर्डंही वेगळी, आणि दोन बोर्डं एकमेकांना विचारत बसत नसत.

१८६३ चा कायदा इथे जास्त स्पष्ट होता. वृद्ध किंवा अपंग आईवडिलांचे दोन किंवा जास्त मुलगे भरतीच्या यादीत असतील, तर कोणाला सूट द्यायची हे बापाने निवडावं, तो नसेल तर आईने. १९४० च्या कायद्यात अशी निवड घरावर टाकली नाही. आमच्या मते ते बरंच झालं.

११. एकुलत्या एक मुलाला नेत नाहीत, असं ऐकलं आहे.

हा सर्वांत चिवट गैरसमज. एकुलता एक असण्याला दुसऱ्या महायुद्धात काही सवलत नव्हती, आजही नाही. खरी तरतूद वेगळी आहे. नोव्हेंबर १९४२ मध्ये जुनो या युद्धनौकेवर सलिव्हन घराण्यातले पाचही भाऊ मारले गेले आणि अशा घरांचा प्रश्न ऐरणीवर आला. १९४८ च्या कायद्याने, ज्या घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी लष्करी सेवेत मृत्यू पावली आहे अशा घरातल्या उरलेल्या एकट्या मुलाला सूट दिली. पुढे १९६४ आणि १९७१ मध्ये ती रुंद केली. तीही शांतताकाळापुरतीच. काँग्रेसने युद्ध किंवा राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली की ती लागू होत नाही.

१२. शेतकऱ्यांना सरसकट सोडलं होतं का?

सरसकट नाही, पण नोव्हेंबर १९४२ मध्ये भरतीच्या कायद्यात झालेल्या टायडिंग्ज दुरुस्तीने त्यांची बाजू इतरांपेक्षा भक्कम केली. शेतमाल किती पिकतो हे ‘युद्ध एककांत’ मोजत, आणि सर्वसाधारण कसोटी १६ एककांची होती. छोट्या जमिनीवर राबणाऱ्या एकट्या मुलाचं उत्पादन कमी भरे. मग तो शेतीच्या वर्गातून बाहेर पडून घरच्या अडचणीवर यायचा. शहाणे अर्जदार दोन्ही कारणं पहिल्याच प्रश्नावलीत लिहीत.

१३. हुकूम हाती पडल्यावर घरात काही विपरीत घडलं तर?

हुकूम निघाल्यावर बोर्ड वर्गवारी पुन्हा उघडत नसे. अपवाद एकच: बदल माणसाच्या हाताबाहेरचा असेल तर. वडील वारले, आईला अर्धांगवायू झाला, हे चालेल. घाईने लग्न केलं किंवा नोकरी सोडली, हे नाही. मृत्यू किंवा गंभीर आजारपण असेल तर वर्ग न बदलता हजर होण्याची तारीख थोडी पुढे ढकलून मिळे. ती तहकुबी नव्हे, आणि बरेच जण इथेच गाफील राहून पुढची तारीख चुकवत.

एकदा शपथ झाली की बोर्डाचा संबंध संपला. त्यानंतर आलेल्या अडचणीसाठी अर्ज लष्कराकडे, घरच्या कारणाने सेवामुक्ती मागून. बोर्डाला लिहिलेली पत्रं तिथे निरुपयोगी ठरत.

१४. बोर्डाने नाही म्हटलं तर पुढे काय?

दहा दिवसांत समक्ष भेट मागायची. तिथे वकील उभा राहू शकत नसे. भेट झाल्यावर सांगितलेल्या प्रत्येक मुद्द्याचा गोषवारा लिहून फाइलला लावून घ्यायचा. हे काम अर्जदाराने स्वतः केलं नाही तर बहुधा कोणीच करत नसे.

मग अपील मंडळ. ते फक्त कागद वाचे, कोणाला भेटत नसे. अपील खुद्द तरुण करू शके, तसंच घरच्या अडचणीच्या प्रकरणात आश्रित माणूसही. म्हणजे मुलगा लाजेखातर गप्प बसला तरी आई अपील करू शके. सरकारी अपील एजंटाचं कामच अन्याय दिसला तर अपील करणं हे होतं, पण काही एजंट नावापुरतेच असत. अपील मंडळात एकमत झालं नाही, तर राष्ट्राध्यक्षांकडे अपील.

न्यायालयाची वाट अरुंद. १९४४ च्या फाल्बो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हुकूम मोडून खटल्यात बोर्डाचा निर्णय चुकीचा होता असं म्हणता येणार नाही. १९४६ च्या एस्टेप खटल्यात दार किंचित उघडलं: निर्णयाला वस्तुस्थितीचा काहीच आधार नसेल, तरच न्यायालय हात घालेल. थोडाही आधार असला तरी बोर्ड जिंकायचं. त्यातही एस्टेपचा लाभ मिळायला प्रशासकीय पायऱ्या संपवून, भरतीच्या जागी हजर होऊन शेवटच्या क्षणी नकार द्यावा लागे. घर चालावं म्हणून तहकुबी मागणाऱ्याला तुरुंगाचा धोका पत्करणं परवडणार कसं? म्हणून अशा खटल्यांत घरच्या अडचणीपेक्षा धर्माची आणि विवेकाची प्रकरणं जास्त दिसतात.

बोर्ड कारणं देत नसे, याचा उलटा फायदा पुढे व्हिएतनाम युद्धाच्या काळात मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांना झाला. त्यांचा दावाही विवेकाचाच होता. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० मतांनी त्यांची शिक्षा रद्द केली, कारण अपील मंडळाने नकार कोणत्या कारणावर दिला हे कळायला मार्गच नव्हता.

१५. वशिला चालायचा का? भेदभाव व्हायचा का?

सदस्य गावातलेच, त्यामुळे ओळख असणारच. तिचा फायदाही होई आणि तोटाही. घरात दारू चालते किंवा मुलगा आईला विचारत नाही, हे बोर्डाला अर्जाआधीच ठाऊक असे.

खरा दोष बोर्डात कोण नव्हतं, हा होता. १९६६ च्या मोजणीत देशभरच्या सदस्यांत कृष्णवर्णीय फक्त १.३ टक्के निघाले. गरीब, कमी शिकलेल्या घरांना प्रश्न ६ मधले कागद जमवता येत नसत, आणि कागद नसणं म्हणजे अडचण नसणं असं धरलं जाई.

जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांना १९४२ मध्ये ४-सी, म्हणजे परकीयांच्या वर्गात ढकललं. १९४४ च्या जानेवारीत, कुटुंबं काटेरी कुंपणाच्या छावण्यांत असतानाच, त्यांच्यासाठी भरती पुन्हा उघडली. हार्ट माउंटन छावणीतल्या ६३ तरुणांनी आधी घरच्यांना मोकळं करा म्हणत नकार दिला आणि त्यांना एकत्रित खटल्यात शिक्षा झाली. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी डिसेंबर १९४७ मध्ये त्यांना माफी दिली.

१६. ब्रिटनमध्ये आणि भारतात काय होतं?

ब्रिटनने पहिल्या महायुद्धात, जानेवारी १९१६ च्या कायद्याने स्थानिक न्यायाधिकरणं नेमली. मोठा फरक असा की तिथे सैन्याचा प्रतिनिधी समोर बसून उलटतपासणी करायचा. सूट कायमची, अटीवर किंवा ठराविक मुदतीची मिळे, आणि एकट्याने दुकान चालवणाऱ्याला ‘धंद्याची विल्हेवाट लावायला दोन महिने’ अशा धर्तीचे निकाल नेहमीचे होते. युद्धानंतर कागदपत्रं नष्ट करायचं ठरलं. मिडलसेक्स आणि लोथियन-पीबल्स इथले संग्रह नमुना म्हणून ठेवले.

भारतात भारतीयांवर सक्तीची भरती कधीच लादली नाही. दुसऱ्या महायुद्धातलं सुमारे २५ लाखांचं सैन्य स्वेच्छेने आलेलं होतं; बेळगावला ऑक्टोबर १९४१ मध्ये उभी राहिलेली महार रेजिमेंटही त्यातलीच. सक्ती होती ती भारतात राहणाऱ्या युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांवर, १९१७ च्या आणि पुन्हा १९४० च्या कायद्याने.

१७. व्हिएतनामच्या काळात हेच नियम होते का?

साचा तोच, तपशील वेगळा. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी विवाहितांना रांगेत मागे नेलं. २६ ऑगस्ट १९६५ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ती सवलत काढली, पण त्या मध्यरात्रीपर्यंत झालेली लग्नं धरली. बातमी पसरताच जोडपी रातोरात लग्न लावायला धावली. मुलं असलेल्यांना मिळणारी ३-ए तहकुबी एप्रिल १९७० पासून नव्या बापांना बंद झाली. खऱ्या ओढाताणीचं कारण मात्र शेवटपर्यंत राहिलं. सक्तीची भरती १९७३ मध्ये थांबली.

१८. आमचा मुलगा अमेरिकेत आहे आणि १८ चा होतोय. त्याला काय करावं लागेल?

नागरिक असो वा ग्रीन कार्डवर, १८ ते २५ वयाच्या मुलाची सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये (भरतीची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) नोंद असणं बंधनकारक आहे. मुदत अठराव्या वाढदिवसानंतर ३० दिवस. एच-४ किंवा एफ-१ सारख्या वैध तात्पुरत्या व्हिसावर असेपर्यंत नाही. पण २६ पूर्ण होण्याआधी ग्रीन कार्ड मिळालं तर लागू होते. मराठी घरांत इथेच घोळ होतो. मुलगा एच-४ वर असताना ‘लागत नाही’ हे कळलेलं असतं आणि कार्ड आल्यावर कोणाला आठवत नाही. २६ नंतर उशिरा नोंद होत नाही, आणि नागरिकत्वाच्या अर्जात त्याचा खुलासा द्यावा लागतो. मुलींना नोंद नाही.

नोंद म्हणजे भरती नव्हे. भरती पुन्हा सुरू व्हायला काँग्रेसचा कायदा लागेल. तसं झालं तर घरच्या अडचणीसाठी ३-ए वर्ग आजही नियमांत आहे, आणि तो अर्ज बोलावणं आल्यानंतरच करायचा असतो. आधीच ‘एकुलता एक आहे’ असं कळवून काही साधत नाही (प्रश्न ११).

१९. एखाद्या नातेवाइकाचे त्या काळचे कागद मिळतील का?

नोंदणी कार्ड आणि वर्गवारीची नोंदवही बहुधा मिळते. १९६० पूर्वी जन्मलेल्यांच्या या नोंदी सेंट लुइस इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. नोंदवहीत एका ओळीत सगळा प्रवास दिसतो: प्रश्नावली पाठवल्याची तारीख, प्रत्येक वेळचा वर्ग, अपील, हजर होण्याचा हुकूम. प्रतिज्ञापत्रं आणि पत्रं असलेल्या मूळ फाइली मात्र बहुतेक नष्ट केल्या गेल्या. म्हणजे ३-ए मिळाला हे कळेल, कोणत्या कारणावर ते सहसा कळणार नाही.

नोंदणी राहण्याच्या जागेवरून होत असे, नागरिकत्वावरून नाही. म्हणून तेव्हा अमेरिकेत असलेल्या भारतीयांची कार्डंही सापडू शकतात, जरी १९४६ पर्यंत त्यांना नागरिकत्वाचा हक्क नव्हता. ४५ ते ६४ वयाच्यांची नोंदणी २७ एप्रिल १९४२ ला झाली. ती कार्डं वेगळ्या गठ्ठ्यात असतात, त्यामुळे मागणी करताना जन्मवर्ष आणि तेव्हाचा पत्ता दोन्ही द्यावेत. नावाचं स्पेलिंग कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं असतं. तीन-चार प्रकारे शोधून पाहावं.